जीएपीडीएचला ‘कंट्रोल’ मानण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाहून अधिक कामे करणाऱ्या प्रथिनांवरचा विज्ञान पुरवणीतील लेख वाचला. ‘जोडधंदा करणारी प्रथिने’ हा शब्द चपखल आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स जेफ्री यांनी 1999 मध्ये रूढ केलेल्या ‘मूनलायटिंग’पेक्षा तो आपल्याकडे चटकन कळेल. या गटात कोण मोडते, याबाबत एक दुरुस्ती मात्र हवी. एकाच जनुकाचा आरएनए निरनिराळ्या प्रकारे कापून-जोडून होणारी वेगवेगळी प्रथिने, किंवा दोन जनुके जुळून झालेले प्रथिन, यांना जेफ्री या गटात धरत नाहीत. अमिनो आम्लांची तीच साखळी दोन असंबद्ध कामे करत असेल, तरच तो जोडधंदा.

लेखात निसटलेली बाब प्रयोगशाळेतली आहे. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेच्या, सहाव्या पायरीचे एन्झाइम. ते जवळपास प्रत्येक पेशीत मुबलक असते, म्हणून एमएस्सीच्या प्रकल्पांत वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिने वेगळी करून, पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करताना डोळे झाकून तेच ‘लोडिंग कंट्रोल’, म्हणजे नमुने सारखे भरले का हे पाहण्याचे माप, धरले जाते. 36 किलोडाल्टनपाशी (हे त्याचे रेणुभार) सगळीकडे सारखी पट्टी आली की नमुने सारखे भरले, असे समजायचे. पण हेच प्रथिन रोगप्रतिकारक टी पेशींत इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनाच्या एमआरएनएला चिकटून त्याचे भाषांतर (त्यावरून प्रथिन बनणे) रोखते, पेशीवर नायट्रिक ऑक्साइडचा ताण आला की सिआह-1 या प्रथिनाचा हात धरून केंद्रकात शिरते, आणि ऑक्सिजन कमी पडला तर अनेक पेशींत त्याचे प्रमाणच वाढते. कमी ऑक्सिजनच्या प्रयोगात ते कंट्रोल म्हणून घेणे म्हणजे तराजूत मापाऐवजी ओला स्पंज ठेवणे.

दुसरी चूक याहून साधी. दुर्मीळ प्रथिन दिसावे म्हणून 30 मायक्रोग्रॅम नमुना भरतात. तेवढ्यात जीएपीडीएचची पट्टी बहुधा संपृक्त झालेली, म्हणजे आणखी गडद होऊ न शकणारी, असते आणि दीडपट फरकही दिसत नाही. आधी एकाच जेलवर 2.5, 5, 10, 20 आणि 40 मायक्रोग्रॅम भरून पाहावे. नमुना दुप्पट केल्यावर संकेतही दुप्पट होतो, तेवढ्याच टप्प्यात काम करावे. त्याहून बरे म्हणजे ब्लॉकिंगपूर्वी (पडद्याच्या रिकाम्या जागा झाकण्याआधी) पडदा 5 टक्के अॅसेटिक आम्लातील 0.1 टक्का पोन्सो-एस या प्रथिने रंगवणाऱ्या रंगात पाच मिनिटे बुडवून, पाण्याने धुऊन, फोटो काढून ठेवावा आणि एकूण प्रथिनाशी तुलना करावी. रंग नंतर धुऊन जातो. क्यूपीसीआरमध्येही (जनुकाचा आरएनए मोजण्याच्या पद्धतीत) एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नये. त्याच पेशींत, त्याच उपचाराखाली स्थिर ठरलेली दोन-तीन जनुके घ्यावीत.

पेशीद्रव आणि केंद्रक वेगळे करताना तर गंमतच होते. केंद्रकाच्या भागात जीएपीडीएच दिसले की विद्यार्थी ‘पेशीद्रव मिसळले’ म्हणून नमुना फेकून देतात. पेशीद्रवाची खूण म्हणून अल्फा-ट्युब्युलिन आणि केंद्रकाची म्हणून हिस्टोन एच-3 तपासावे. केंद्रकाच्या भागात ट्युब्युलिन नाही पण जीएपीडीएच आहे, तर ती भेसळ नसून प्रथिन खरोखर तिथे असण्याची शक्यता मोठी.

दुसरे काम सिद्ध करणे त्याहून अवघड, आणि तिथे घाई फार होते. जनुक निकामी केले, पेशीवर परिणाम दिसला, की तो जोडधंद्याचा पुरावा म्हणून मांडतात. पण जीएपीडीएच गेले की ग्लायकोलिसिसही खिळते आणि ऊर्जेचा तुटवडा पडतो. परिणाम त्याचाही असू शकतो. मग एन्झाइमच्या क्रियास्थानातले सिस्टीन बदलावे, असे सुचते. हाच खरा सापळा. रॅटच्या प्रथिनात 150व्या जागेवरचे हे सिस्टीन मुख्य क्रियेला लागते, आणि केंद्रकात शिरण्यासाठी नायट्रिक ऑक्साइडही त्यालाच जडावे लागते. ते बदलले की दोन्ही कामे एकदम बंद. सिआह-1 ची जोडणी तोडायची तर 225व्या लायसिनच्या जागी अॅलनिन घालावे, आणि त्या बदललेल्या प्रथिनाची एन्झाइम-क्रिया शाबूत आहे का, हे त्या क्रियेत तयार होणारे एनएडीएच 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून स्वतः तपासावे.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अध्यापक, पुणे