मामा, शेडची किल्ली दिलीत त्याबद्दल

नमस्कार मामा,

तुम्ही मराठी फाडफाड बोलता पण वाचायला तुम्हाला तेलुगूच बरं पडतं हे मला माहितीये, म्हणून हे पत्र तुमची नात तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, तिच्याकडून तसं कबूल करून घेतलंय. समोर येऊन आभार मानायला मी तीनदा आले होते. तिन्ही वेळा तुम्ही "जा गं, आधी चहा ठेव" म्हणून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

पुढच्या महिन्यात शेड खाली होणार, माग भंगारात जाणार हे परवा कळलं आणि रात्रभर झोप आली नाही. त्या मागाच्या शेडमध्ये आमचं जे काय चार भाषांतलं गाणं-रॅप सुरू झालं ते सोलापूरला नीट माहितीच नाहीये, निदान कुणामुळे सुरू झालं तेवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं.

आम्ही तेव्हा सहाजण होतो. दोघं शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. एक इथल्याच विजापूर वेशीचा, दख्खनी उर्दूत रॅप लिहिणारा आणि मोबाईलवर बीट बनवणारा. एक जण हलगी वाजवणारा, त्याच्या घरात भीमगीतांची परंपरा. एक मैत्रीण कन्नड घरातली, जी आज्जीकडून शिकलेली सिद्धरामेश्वरांची वचनं इतकी शांत म्हणायची की अंगावर काटा यायचा. आणि मी, भिंती रंगवणारी आणि मराठीत लिहिणारी. आम्ही मुंबईला जाऊन धारावीतल्या पोरांचं ऐकून आलो होतो, तिकडं एकाच गल्लीत मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत रॅप चालतं, एकजण थांबला की दुसरा स्वतःच्या भाषेत उचलतो. परत येताना ट्रेनमध्ये आम्ही एकच बोलत होतो की अरे हे तर आपल्याकडं रोजचं आहे, आपल्या गल्लीत दूधवाल्याशी कानडी, किराणावाल्याशी मराठी, शेजारच्या अक्काशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दख्खनी हे आपण सकाळी दहाच्या आत करतो, मग गाणं का नाही.

पण जागा कुठंय. एका हॉलवर गेलो तर पहिला प्रश्न आला, कुठल्या समाजाचा कार्यक्रम आहे? आम्ही म्हटलं सगळ्यांचा. ते म्हणाले असं नाही चालत, कुणाच्या तरी नावावर लागेल. दुसरीकडं तर हलगी बघूनच नाही म्हणाले. आमच्यातला एकजण त्या दिवशी रस्त्यातच बसून रडला, ते मी कधी विसरणार नाही.

आणि मग तुम्ही. आम्ही बंद शेडच्या ओट्यावर बसून प्रॅक्टिस करत होतो, तुम्ही आलात आणि विचारलंत, "काय करलालाव रे हितं?" मला वाटलं आता हाकलणार. तुम्ही पाच मिनिटं उभ्यानं ऐकलंत, खिशातून किल्ली काढलीत, म्हणालात, "आत बसा. चपला बाहेर काढा. मागाला हात लावायचा नाही." समाज नाही विचारला, आडनावं नाही विचारली. मालकाशी तुम्हीच बोललात, चाळीस वर्षं त्यांच्याकडं जॉबर म्हणून माग दुरुस्त केल्याची सगळी पुण्याई तुम्ही त्या दिवशी आमच्यासाठी खर्च केलीत हे आम्हाला खूप नंतर कळलं.

पत्र्यामुळं आवाज इतका घुमायचा की रेकॉर्डिंगचं नावच नको. तुम्ही दोन दिवसांनी टेम्पोतून सेकंड मालाच्या चादरी आणि टॉवेल आणलेत, कुठं विणीत फॉल्ट, कुठं रंग उतरलेला, आणि स्वतः शिडीवर चढून तारेवर टांगलेत. जाड सुती चादर आणि त्यावर टॉवेलचे फुगीर लूप, आवाज असा दबला की विजापूर वेशीचा आमचा पोरगा डोळे मिटून नुसता बोटं वाजवून बघत बसला. लोकं स्टुडिओत फोम लावायला किती पैसे घालवतात, आमच्याकडं सोलापुरी चादर होती. आणि शेजारचे कधी तक्रार करायला आले नाहीत कारण आजूबाजूला जे माग अजून चालू होते त्यांच्या खटखटीत आमची हलगी काय ऐकू येणार! हलगी तापवायला मात्र तुम्ही बाहेर पाठवायचात, आत सगळीकडं कापसाचे तंतू, एक ठिणगी पुरे म्हणायचात, आणि पोरगं बाहेर कागद पेटवून हलगी शेकत बसलं की तुम्ही पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे.

सगळ्यात मोठी गोष्ट त्या पट्ट्यांची. जकार्डच्या कार्डांची एक जुनी माळ कोपऱ्यात पडली होती, भोकं पाडलेले पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले. मी विचारलं हे काय, तर तुम्ही तासभर समजावलंत. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. जिथं भोक तिथं सुई आत जाते, हूक उचलला जातो, धागा वर येतो. जिथं भोक नाही तिथं सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. असं एकामागून एक कार्ड फिरत गेलं की चादरीवर मोर उभा राहतो. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसानं हे यंत्र काढलं हे मी नंतर वाचलं पण समजलं मला तुमच्या बोटांवरूनच. आणि तेवढ्यात आमचा बीटवाला ओरडला, "अरे ये तो सेम है!" त्यानं मोबाईल दाखवला, स्क्रीनवर सोळा चौकोन, भरला तो वाजतो, रिकामा तो गप्प. तुम्ही चष्मा चढवून बघितलंत आणि म्हणालात, मग ह्याचंच वाजवून बघा की. एका ओळीतली पहिली सोळा घरं घेतली, भोक तिथं ठोका, बाकी शांत. जे आलं ते असं अडखळत चालणारं आणि तरी पाय हलवणारं होतं की हलगीवाल्यानं लगेच उचललं, वर लेझीमचा खळखळाट चढवला. तो मोर चादरीवर कसा दिसायचा मी बघितलेला नाही, पण मी तो ऐकलाय मामा.

मामींचे आभार वेगळे. विडीचं सूप मांडीवर घेऊन त्या बतुकम्माची, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची, गाणी गुणगुणायच्या, हात पानावर, हजार विड्यांचा हिशोब डोक्यात आणि ओळीच्या शेवटी ते "उय्यालो". आम्ही रेकॉर्ड करू का विचारलं तर लाजल्या, आणि पुढच्या रविवारी गल्लीतल्या आठ जणींना घेऊन आल्या. त्या गोल करून टाळ्या वाजवायला लागल्यावर हलगीखाली त्यांचा आवाज मरत होता. आम्ही माईकशी खेळत बसलो, तुम्ही म्हणालात एका धाग्याला ताण जास्त झाला की तो तुटतो, हलगी दाराशी न्या. नेली. झालं काम.

१२ जानेवारीला आम्ही जे गाणं केलं ते त्यातूनच आलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच तारखेला सोलापूरच्या या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं. लहानपणापासून चार हुतात्मा चौकातून जातो पण ही नावं एका दमात मोठ्यानं म्हणून बघा, आपल्या शहराच्या सगळ्या गल्ल्या त्यात येतात. आम्ही प्रत्येक नाव वेगळ्या भाषेतल्या कडव्यात घेतलं आणि कुठलंही कडवं दुसऱ्या भाषेत परत सांगितलं नाही. ऐकणाऱ्या कुणीच अर्थ विचारला नाही. काहीजण म्हणतात हे रॅप वगैरे मुंबईचं फॅड आहे. मला ते पटत नाही. लावणीकार राम जोशी याच सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे, घरचं नाव मेहबूब. आपल्याकडं शब्द तालावर फेकणारे लोक कधी कमी नव्हते.

बीटवाल्यानं आम्हाला एकदा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सची गोष्ट सांगितली होती. ११ ऑगस्ट १९७३, जमैकाहून आलेल्या कुटुंबातला एक पोरगा बिल्डिंगच्या खालच्या खोलीत रेकॉर्ड वाजवतो आणि तिथून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात. सगळे त्या डीजेचं नाव घेतात. पण ती पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीनं, शाळेचे नवीन कपडे घ्यायला पैसे जमवायचे होते म्हणून. खोलीची सोय तिनं केली होती. तेव्हापासून मला ती बहीणच जास्त लक्षात राहिली, आणि तिचा विचार आला की तुम्ही दिसता, शिडीवर, तोंडात सुतळी धरून चादर बांधताना.

आता कामाचं. टांगलेल्या चादरी उतरवून धुवून घडी घालून ठेवल्यात, एकोणीस आहेत, टॉवेल वेगळे. भिंतीवरचं माझं चित्र राहू दे, नवीन लोक पांढरा मारतील तर मारू दे, फोटो काढलेत. नवीन जागेचं बोलणं सुरू आहे, पत्राच नाहीये तिथं, स्लॅब आहे. किल्ली शनिवारी संध्याकाळी घरी आणून देते, मामींना सांगा जेवायला थांबणार आहे.

आणि ती मोराची कार्डांची माळ भंगारवाल्याच्या वजनात जायच्या आधी आम्ही ठेवून घेऊ का, तेवढं नातीकडून कळवा.

तुमची,
भिंती रंगवणारी पोरगी