शाकारणीच्या दिवसांत मनूला पत्र

जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव
दि. २१ मे २०१७

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

फिजीतल्या कोरो बेटावरून तू पाठवलेला फोटो मंगळवारी दादाने दाखवला. नव्या घराच्या आढ्यावर तू हातात ड्रिल घेऊन उभी आहेस, मागे समुद्र आहे आणि तुझ्या कमरेला दोर नाही. या दोराविषयी एकदाच लिहायचे आणि मग तुझ्या कामाविषयी विचारायचे, असे ठरवून मी बसलो आहे.

फोनवर तू जे समजावून सांगितलेस ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. गेल्या वर्षी २० फेब्रुवारीला ‘विन्स्टन’ वादळ फिजीवर आले, देशात ४४ माणसे गेली आणि कोरोवरची गावेच्या गावे उघडी पडली. ताशी २३० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा छप्पर नुसते दाबत नाही, वर उचलतो. ही ओढ कडांना आणि आढ्याशी सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ मारायचे, वासा तुळईला लोखंडी पट्टीने जखडायचा, तुळई खांबाला आणि खांब थेट पायातल्या काँक्रीटला. आपले मंगळुरी कौल रिपेवर स्वतःच्या वजनाने बसते. जांबोटीच्या पावसाशी झगडण्यात आमचा जन्म गेला, पण छपराला जमिनीशी बांधून ठेवावे लागते हे मला या वयात तुझ्याकडून कळले. आबा असते तर त्यांनी तुला तासभर सोडले नसते. वाळू कुठून आणता, समुद्राची तर नाही ना, मिठाने सळई गंजेल, असे सारे त्यांनी खोदून खोदून विचारले असते.

पण मनू, जे छप्पर तुम्ही पायापर्यंत बांधता, त्यावर चढलेल्या माणसाला बांधायला काय हरकत आहे?

तू म्हणशील, बाबांनीच मला वर चढवले. ते खरे आहे, आणि म्हणूनच मला झोप येत नाही. तुझे वजन हलके, तुझ्या पायाखाली कौल फुटत नसे, म्हणून दर वैशाखात शाकारणीला मी खालून कौले द्यायचो आणि तू वर रचायचीस. आठ-नऊ वर्षांची पोर आढ्यावरून चालते हे शेजारी वर मान करून बघत, आणि मला त्याचा अभिमान वाटे. तू सहावीत असताना वळिवाची सर येऊन गेल्यावर मागच्या पडवीवर तुझा पाय शेवाळावरून सुटला. तू रिपेला धरून लोंबकळत होतीस आणि मी खाली दोन्ही हात पसरून उभा होतो. उतरल्यावर ‘आईला सांगू नका’ असे तू म्हणालीस, आणि मी सांगितले नाही. तेव्हाही दोर घरात होता, विहिरीच्या रहाटाला. मला तो आठवला नाही.

शिडी चार हात उंच असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात बाहेर हवा. वारा सुटला की पत्रा हातात धरून उभे राहू नये, तो शिडासारखा भरतो. ओल्या पत्र्यावर सकाळी दव वाळेपर्यंत चढू नये... हे मी काय लिहीत आहे? तू स्थापत्याची पदविका घेतलेली मुलगी आहेस आणि मी प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. माफ कर. सदतीस वर्षे फळ्यासमोर काढली, ती सवय पत्रातही उतरते.

गावात तुझे नाव निघते. परवा कणकुंबीला माउलीच्या देवळात एकाने विचारले, ‘मास्तर, पोरगी पगाराशिवाय परक्यांची घरे बांधते म्हणे?’ मी म्हणालो, ‘चार घरे झाली, पाचवे चालू आहे.’ एवढेच म्हणालो, पण परतीच्या एसटीत मला फार भरून आले. तुझ्या जाण्याला मी विरोध केला होता, आणि निघताना बेळगावच्या स्टँडवर तुझ्याशी नीट बोललोही नाही. त्याचे मला वाईट वाटते.

तिथून राजधानी सुवाला यायचे तर बोट लागते. काही झाले तर बोटीची वाट पाहावी लागेल, हाच विचार रात्री पुन्हा पुन्हा येतो. पुन्हा तिथेच आलो, नाही का.

यंदाची शाकारणी आज झाली. दादा नको म्हणत असताना मी स्वतः वर चढलो, पण रहाटाचा दोर आढ्यावरून पलीकडे टाकून अंगणातल्या फणसाला बांधला आणि दुसरे टोक कमरेला घेतले. आईने गाठ तीनदा ओढून पाहिली. तुझा फोटो तिनेही पाहिला आहे. ती काही बोलली नाही, फक्त तुला कुळथाचे पीठ पाठवता येईल का असे विचारत होती.

तुम्ही दोर कशाला बांधता, आढ्याच्या तुळईला की खांबाला, ते मला सविस्तर लिही. जमल्यास आकृती काढून पाठव.

तुझे,
बाबा