बॅग घेऊन कुठं जातोस?

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या खोलीवरच्या मित्राचा फोन आला. तुझं काम सुटून पंधरा दिवस झाले आणि तरी तू रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतोस म्हणे. आईला अजून सांगितलेलं नाही. रात्री जेवतोस ना?

गणपतीत मी बोललो, "तुझ्या वयात मी घर चालवत होतो." ते अर्धंच खरं. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली आमची फाउंड्री बंद पडली तेव्हा मीसुद्धा नऊ दिवस आईकडनं डबा भरून घ्यायचो आणि कपिलेश्वराच्या तळ्याकाठी बसून राहायचो. पाच वाजले की शर्टाला थोडी माती चोळून घरी. दहाव्या दिवशी तात्यांनी गाठलं. काही विचारलं नाही. शेजारी बसले, माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली नि म्हणाले, "चल घरी."

तू येळ्ळूरच्या रस्त्यावर पळायचास, मी सायकल धरून घड्याळ बघायचो. सोळाशे मीटर, सव्वापाच मिनिटं! अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. २०२० पासून दोन वर्षं लष्कराची भरतीच बंद. २०२२ ला अग्निवीर आलं, तेवीस वर्षं वयापर्यंतची सवलत त्या एका वर्षापुरती, आणि त्यात तू मेडिकलला अडलास. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या दारात, पण दार वयानं बंद झालं. तुझ्याबरोबर पळणारी पोरं आता कुठं आहेत, बघ. इथल्या नोकरीला कन्नड लागतं, ते तुम्हाला धड येत नाही. शेत वीस गुंठे. पोरगी बघायला गेलं की आधी पगार विचारतात. एवढं तुमच्या डोक्यावर आणि वर मी म्हणायचो, बाप्या माणसानं रडायचं नसतं.

कन्नड शीक, आयटीआयचा कोर्स बघ... परत सुरू झालं माझं. राहू दे. माफ कर.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी जीव दिला, दहातले सात पुरुष. हे वाचल्यापासून तुझा फोन वाजला नाही की झोप लागत नाही. रात्री जेवतोस ना? माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ ला लाव, सरकारी टेलीमानस आहे, मन मोकळं करायची हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

वीस किलो बासमती बांधून ठेवलाय, आपल्या शिवारातला. रविवारी पहाटे स्वारगेटला उतरतो. न्यायला आला नाहीस तरी पत्ता आहे माझ्याकडे.

तुझे,
बाबा