टर्बो सी आता पुरे. लॅबच्या विंडोजमध्येच लिनक्स सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) काढायची स्लिप, म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी, आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला हमखास असते. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टर्बो सी हा सी भाषेचा जुना कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करणारे सॉफ्टवेअर) उघडायचा आणि त्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा. ७ दिले की ५०४० येते. ८ दिले की उत्तर येते उणे २५२१६. ‘मॅडम, माझं काय चुकलं?’ असे मुलगी विचारते. तिचे काहीच चुकलेले नसते. हा कंपायलर १६ बिटच्या काळातला आहे. त्याच्या साध्या पूर्णांकाची मजल ३२७६७ पर्यंतच, त्यामुळे ४०३२० त्यात मावत नाही आणि आकडा उलटून ऋण होतो. तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसी या मोफत कंपायलरवर चालवला तर ८ लाच काय, १२ लाही बरोबर उत्तर मिळते. आकड्याला मर्यादा असते हे मुलांना कळलेच पाहिजे, पण त्यासाठी १९९० च्या आसपासचे सॉफ्टवेअर २०२० नंतरच्या मुलांच्या माथी मारायचे कारण नाही. ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’ ही टर्बो सीची फंक्शन घोकलेली मुले मुलाखतीला जातात, आणि समोरच्याच्या मशीनवर त्या फंक्शनना लागणारी हेडर फाइलच नसते.

यावर ‘मग विंडोज काढून सरळ लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच टाका’ असे सांगितले जाते. मला ते मनापासून पटते, पण ते होत नाही. आमच्या लॅबमध्ये सकाळी बीएस्सीची बॅच आणि दुपारी टॅलीचा वर्ग असतो. ऑनलाइन परीक्षा असली की तिचे सॉफ्टवेअर विंडोजच मागते. घरी तर आणखी अवघड. लॅपटॉप एकच, त्यावर वडिलांच्या दुकानाचे हिशेब. त्याचे पार्टिशन करून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाक, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तसे सांगायची आता गरजही उरलेली नाही. विंडोजच्या आतच उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, चालते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स) ही सोय आहे. विंडोज १० ची २०२० नंतरची आवृत्ती किंवा विंडोज ११ असेल, तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, ‘डब्ल्यूएसएल’ लिहून एक जागा सोडायची, दोन डॅश देऊन ‘इन्स्टॉल’ लिहायचे आणि मशीन रिस्टार्ट करायचे. मग युजरनेम आणि पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे मुलांना कीबोर्ड बिघडल्यासारखे वाटते. तेवढे आधी सांगून ठेवावे. होम एडिशनवरही हे चालते, पैसे पडत नाहीत आणि टॅलीला धक्का लागत नाही.

हे कालपरवाचे खूळ नाही. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्येच झेनिक्स नावाचे स्वतःचे युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर बनले ती जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) बाजारात आणायचे ठरवले होते. विंडोज एनटीत १९९३ पासून पॉझिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक नियमांची, सोय होती, पण ती इतकी तोकडी की कोणी फारसे तिकडे फिरकले नाही. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सिगविन सुरू झाले. युनिक्सच्या प्रोग्रॅमने काही मागितले की सिगविनची एक डीएलएल (सामाईक लायब्ररी फाइल) ते विंडोजला कळेल अशा मागणीत बदलते. विंडोजकडे युनिक्ससारखा ‘फोर्क’ (चालू प्रोसेसची प्रत काढायची सोय) नाही, म्हणून नवी प्रोसेस काढताना सिगविनची दमछाक होते. पण कितीतरी जणांना बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारे शेल) आणि ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) पहिल्यांदा त्यानेच दाखवले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएल आणले. पहिल्या आवृत्तीतही भाषांतरच होते, फक्त ते विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, चालायचे. दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात) धावतो. आणि मॅकबुक घेऊ शकणाऱ्या मुलांना टर्मिनल उघडताच हे सगळे आयते मिळते, कारण मॅकची प्रणाली २००७ पासून अधिकृत प्रमाणित युनिक्स आहे. आमच्या मुलांना ते मिळू नये, असे कोणते कारण आहे?

अडतो तो तंत्राचा भाग नाही, परवानगीचा. मशीनचा अॅडमिन पासवर्ड मेंटेनन्सच्या कंत्राटदाराकडे. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आभासी संगणक चालवायची सोय) बंद करून ठेवलेले, आणि त्याशिवाय डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती सुरूच होत नाही. ते चालू करायला मशीनमागे दोन मिनिटे पुरतात, पण ‘वॉरंटीत बसत नाही’ हे उत्तर ऐकत आमचे एक सत्र गेले. चार जीबी रॅमची जुनी मशीन्स असतील तर पहिली आवृत्ती वापरावी. तिला व्हर्च्युअलायझेशन लागत नाही आणि सी, शेल आणि ऑक ही मजकूर हाताळायची भाषा शिकायला ती पुरते. दुसरी आवृत्ती निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकते, पण एका छोट्या सेटिंग फाइलमध्ये तिला मर्यादा घालता येते. इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर प्रत्येक मशीनवर डाउनलोड करू नये. एका मशीनवर जीसीसी, चुका शोधायचे जीडीबी आणि प्रोग्रॅम बांधायचे मेक टाकून उबुंटू तयार करावे, ते एक्स्पोर्ट करून एका फाइलीत घ्यावे आणि पेनड्राइव्हने बाकीच्या मशीन्सवर इम्पोर्ट करावे. माझ्यासारख्या लॅब सांभाळणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

पहिल्या आठवड्यात मुले दोन ठिकाणी अडतात. स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली की विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे घालते. युनिक्सला एकच हवे असते. मग डोळ्यांना बरोबर दिसणारी स्क्रिप्ट चालतच नाही आणि मूल हिरमुसते. ‘डॉस टू युनिक्स’ ही कमांड ते क्षणात दुरुस्त करते. दुसरे म्हणजे फाइली सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून उघडल्या तर दुसऱ्या आवृत्तीत काम मंदावते. त्या उबुंटूच्या होम डिरेक्टरीतच ठेवाव्यात.

या शिक्षणाचे मोल मला सगळ्यात जास्त जाणवले ते एका विद्यार्थिनीमुळे. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या युनिकोडमध्ये टाइप करून आणल्या होत्या आणि त्यांत कोणता शब्द किती वेळा येतो, हे तिला पाहायचे होते. टर्बो सीत देवनागरीचा प्रश्नच येत नाही. उबुंटूत तिने चार छोट्या कमांड पाइपने, म्हणजे एकीचे उत्तर पुढचीला देत, जोडल्या: एकीने प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकला, दुसरीने ओळी क्रमाने लावल्या, तिसरीने सारखे शब्द मोजले, चौथीने मोठा आकडा वर आणला. ‘बंधू’ आणि ‘माहेर’ किती वर आलेत ते पाहून ती किती वेळ पडद्याकडे बघत राहिली. पुढे तिनेच विचारले की ‘मराठी’ या शब्दाचे बाइट १५ का येतात. म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, हे त्या दिवशी सगळ्या बॅचला समजले. पाइपची ही कल्पना बेल लॅब्जमध्ये १९७३ साली युनिक्सात आली. एवढ्या जुन्या कल्पनेने आमच्या मुलीला आजीच्या ओव्या नव्याने वाचता आल्या, याचा मला फार आनंद आहे.

नोकरीच्या बाजूनेही पाहा. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा होता. तिथे काम करायचे स्वप्न आमच्या तालुक्यातल्या मुलांनी पाहायचे असेल, तर शेलची ओळख निदान पहिल्या वर्षी तरी व्हायला हवी.

डब्ल्यूएसएलने सगळे भागत नाही. ड्रायव्हर लिहायचा किंवा बूट होण्याची प्रक्रिया शिकवायची, तर वेगळे लिनक्स मशीन लागतेच, आणि प्रत्येक महाविद्यालयात अशी दोन-तीन मशीन्स असावीत. पण त्यांची वाट पाहत बाकीची लॅब डॉसबॉक्सवर अडवून ठेवू नये.

विद्यापीठांच्या संगणकशास्त्र अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की प्रॅक्टिकलच्या स्लिप जीसीसीवर तपासूनच काढाव्यात आणि जर्नलमध्ये टर्बो सीचे प्रोग्रॅम स्वीकारू नयेत. एक्स्टर्नल परीक्षक जे विचारतात तेच वर्षभर शिकवले जाते, म्हणून सुरुवात परीक्षेपासून व्हावी. प्राचार्यांनी मेंटेनन्सचे कंत्राट नव्याने करताना अॅडमिन पासवर्ड महाविद्यालयाकडे राहील आणि व्हर्च्युअलायझेशन चालू करून दिले जाईल, अशा दोन अटी त्यात घालाव्यात. दोन्हींना जादा पैसा लागत नाही. नवे सत्र सुरू होण्याआधी हे सहज करता येईल.

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा सहायक, जि. सांगली