गाळ वाचणाऱ्यांच्या मेडलची बातमी कधी छापणार?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका हिरोइनच्या अवॉर्डला अर्धं पान आणि रंगीत फोटो होता, त्याबद्दल तक्रार नाही, घरात सगळ्यांनी बघितला, मी पण. पण नदीचा गाळ, गुहेतले चुन्याचे खांब, समुद्रतळाचा चिखल तपासून मागच्या २५-२६ लाख वर्षांत पृथ्वीवर कधी बर्फ वाढला, कधी पाऊस आटला ते शोधणाऱ्यांना पण मेडलं मिळतात, त्याची दोन ओळींची बातमी मला तरी आठवत नाही. आणि आपण राहतो कुठं, तर कृष्णेच्या काठाला. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, माझ्या भिंतीवर खूण अजून आहे, तीनदा रंग दिला तरी ओल वर येतेच.

ब्रिटनमध्ये या विषयाच्या (याला क्वाटर्नरी संशोधन म्हणतात) संघटनेचं सगळ्यात मोठं मेडल आहे जेम्स क्रॉलच्या नावानं. हा क्रॉल कोण, तर ग्लासगोच्या कॉलेजातला शिपाई! शाळा लहानपणीच सुटली, गिरण्यांची दुरुस्ती केली, चहाचं दुकान टाकलं, विम्याची एजंटगिरी केली, कशात जम बसला नाही, शेवटी १८५९ ला शिपाई म्हणून लागला आणि झाडलोट उरकून तिथली लायब्ररी वाचत बसायचा. १८६४ ला त्यानं शोधनिबंध लिहिला की पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट कधी जास्त लांबट होते कधी कमी, हिमयुगं त्यानं येतात-जातात. १८७६ ला रॉयल सोसायटीनं त्याला फेलो केलं. गंमत म्हणजे हिशोब चुकला होता बरं का, हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वी संपलं म्हणाला, खरं तर संपलं ११,७०० वर्षांपूर्वी. पण मूळ मुद्दा पक्का निघाला, १९७६ ला निकोलस शॅकल्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या बारीक कवचांवरून तो दाखवून दिला. या शॅकल्टनच्या नावानं इंक्वा ही याच विषयाची जागतिक संघटना तरुण संशोधकांना मेडल देते.

तुम्ही म्हणाल, ग्लासगोचं सांगलीला काय. तर ऐका. कासला आपण फुलं बघायला जातो, फोटो काढतो, भजी खाऊन परत. तिथल्याच एका हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संस्थेच्या लोकांनी तपासला, त्यातल्या परागकणांवरून आठ हजारांवर वर्षांचा पावसाचा हिशोब काढला. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी १९८७ ला 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात दख्खनच्या नद्यांवर लिहिलं, कोरड्या काळात नद्या गाळ साठवत गेल्या आणि पुढं पावसाचा जोर वाढल्यावर त्याच गाळात खोल उतरल्या. आपल्या भागात नदीकाठाला उभ्या दरडी दिसतात ना, त्या बघताना मला तरी हेच आठवतं. ही नावं शाळेतल्या किती पोरांना माहीत आहेत?

माझी पण एक चूक सांगतो. पुरानंतर शोषखड्डा काढायला जेसीबी लावला, वर काळी माती, खाली पिवळट घट्ट थर, त्यात चुनखडीचे पांढरे खडे आणि बोटाच्या पेराएवढे शंख, एकावर एक थर असे दिसत होते की कापलेला केकच. जेसीबीवाला म्हणाला काका माती भरावाला एक नंबर आहे, मी दोन ट्रॉल्या तिथंच विकून टाकल्या. नंतर कळलं की अशा शंखांवरून सुद्धा थराचं वय काढता येतं.

इंक्वाचं पुढचं अधिवेशन २०२७ ला आपल्या लखनौला ठरलंय, चार वर्षांतून एकदा भरतं, जगभरचे हे लोक येणार. तिथल्या मेडलांची बातमी छापा, आणि नुसतं नाव आणि फोटो नको, त्या माणसानं कुठला गाळ बघितला आणि त्यातून काय निघालं ते चार ओळीत लिहा. आमच्याकडचे दोन शंख नातवाच्या कंपासपेटीत आहेत, कुणाला बघायचे असले तर जरूर या, पण कुठल्या थरातले ते आता मला सांगता येणार नाही, खड्डा बुजवलाय.

तुमचा जुना वाचक,
सांगलीवाडी