आधी उतरवायला शिकव

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझी चिऊ तुझ्या मागून गेली आणि तू बोलता बोलता गप्प झालीस. मलाही दिसलं होतं. चेहरा मानेपेक्षा चांगलाच उजळ, हनुवटीखाली रंगाची सरळ रेघ आणि डोळ्यांखाली पसरलेलं काजळ. नंतर तू म्हणालीस, "चौदाव्या वर्षी हे कसले उद्योग?" फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, कारण ती तिथेच घुटमळत होती. म्हणून पत्र लिहितेय.

ताई, तिला मेकअपची बंदी घालू नकोस. मी नववीत होते तेव्हा माझे दोन्ही डोळे आले होते, आठवतं? सगळ्यांना वाटलं, साथ आहे. साथबीथ काही नव्हती. वर्गातल्या आम्ही चौघी मधल्या सुट्टीत एकच काजळाची कांडी फिरवायचो आणि त्यातल्या एकीचे डोळे आधीपासूनच लाल होते. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय. तेव्हा सांगितलं असतं, तर आधी काजळावरून बोलणी बसली असती आणि डोळ्यांचा विषय मागेच पडला असता. चार दिवस चिकटलेल्या पापण्या गरम पाण्याने सोडवत मी गप्प राहिले. चिऊवर तशी वेळ येऊ नये, एवढंच मला वाटतं.

तिने मला हळूच सांगितलं, की कपाळावरचे फोड दिसू नयेत म्हणून ती एवढा थर लावते. नटायची हौस आहेच, पण खरं दुखणं ते आहे. या वयात हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करायला लागतात, छिद्रं बुजतात आणि पुटकुळ्या येतात. चेहरा अस्वच्छ ठेवते म्हणून येतात, असं तिला कुणी बोलू देऊ नकोस. ती घासून घासून तोंड धुते आणि त्याने त्वचा आणखी चिडते. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुतलं की पुरे. दुखऱ्या, मोठ्या गाठी येत असतील किंवा डाग राहत असतील, तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. त्यावर मेकअप हा उपाय नाही.

मला विचारशील, तर लावायच्या आधी तिला उतरवायला शिकव. कापसाच्या चकतीवर मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप उतरवायचं पाणी, घ्यायचं, डोळा मिटायचा आणि चकती पापणीवर दहा-पंधरा सेकंद नुसती धरून ठेवायची. चोळायचं नाही. तेवढ्या वेळात रंग सुटतो. मग वरून खाली अलगद पुसून घ्यायचं, चकती बदलायची, पुन्हा तसंच. चकती स्वच्छ निघाली की चेहरा धुवायचा. पहिल्या वेळी तू शेजारी उभी राहा. आपल्या पापण्यांची कातडी किती पातळ आहे, हे तिला स्वतःच्या बोटाला कळू दे. रात्री कितीही उशीर झाला, तरी हे केल्याशिवाय झोपायचं नाही. एवढा एक नियम तू कडक ठेव, बाकीच्यात ढील दे.

इथली एक मैत्रीण पुढच्या आठवड्यात तिकडे येतेय, तिच्याजवळ चिऊसाठी छोटी पिशवी देतेय. त्यात फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, फिकट रंगाचा लिप बाम, तपकिरी पेन्सिल आणि एक मस्कारा आहे. सनस्क्रीन जास्त नंबरचं का नाही, असं ती विचारेल. तिला सांग, 30 चं नीट लावलं तर उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं जवळजवळ 97 टक्के अडतात, 50 चं लावलं तर 98. नंबरपेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. दोन बोटांवर लांब रेघ ओढून तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला लावायचं, आणि उन्हात असलं तर दोन तासांनी पुन्हा.

मस्कारा उघडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तो टाकायचा, उरला असला तरी. घट्ट झाला म्हणून पाणी घालायचं नाही. पेन्सिल पापणीच्या केसांच्या बाहेरून फिरवायची. पापणीच्या आतल्या कडेला बारीक ग्रंथींची तोंडं असतात, त्यांच्या तेलामुळे डोळा कोरडा पडत नाही. ती बुजवायची नाहीत. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायची. आणि डोळ्यांच्या वस्तू कुणालाही द्यायच्या नाहीत, कुणाच्या घ्यायच्या नाहीत, अगदी तुझ्यासुद्धा.

फाउंडेशन आणि डाग झाकायचं कन्सीलर मी मुद्दाम पाठवलं नाही. त्यांची छटा इतक्या लांबून ठरत नाही. तिला दुकानात घेऊन जा, जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या रेघा ओढा आणि दिव्याखाली न बघता बाहेर दिवसाच्या उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होते, ती तिची. बहुधा नुसत्या कन्सीलरवर भागेल. प्रत्येक फोडावर टिकलीएवढा थेंब ठेवून कडा बोटाने थापायच्या, बाकी चेहरा मोकळा. मग हनुवटीखालची ती रेघही राहणार नाही.

एका गोष्टीची मात्र मला खरंच भीती वाटते. गोरं करणारी क्रीम कुणी तिच्या हातात दिली, तर ती घरात ठेवू नकोस. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, काहींत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, आणि क्रीम बंद केली की पुटकुळ्या उसळतात. मोठ्या बायकांच्या सुरकुत्यांसाठीची रेटिनॉलची सीरमंही तिला नकोत.

आणि ताई, "तू अशीच छान दिसतेस" असं तिला लगेच म्हणू नकोस. आरशात तिला फोड दिसत असतात, आपण ते नाकारतोय असं तिला वाटतं. त्यापेक्षा, "तुला काय करून बघायचंय?" असं विचार. एखाद्या दुपारी खिडकीपाशी बस आणि तुझ्या डोळ्यांना पेन्सिल तिला लावू दे. तुझी पेन्सिल वेगळी, तीही पिशवीत ठेवलीय.

पिशवीवर मी माझं नाव घातलेलं नाही. ती तूच तिच्या हातात दे.

आईला आणि भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी