स्पॅनिश विनंतीला मराठीच जवळची

संपादक महोदय,

पुण्यात स्पॅनिश शिकणारे बरेचजण इंग्रजीचा हात धरून शिकतात आणि काही मागायची वेळ आली की तिथेच अडखळतात. ‘कॅन आय हॅव अ कॉफी’चे शब्दशः ‘पुएदो तेनेर उन काफे’ होते. माद्रिदच्या कॅफेत ते विचित्र वाटते, कारण ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे, मागून घेणे नव्हे. आपले ‘मला कॉफी देऊ शकाल का’ घ्या. ‘मे पोद्रीआ दार उन काफे’ त्यातच बसलेले आहे.

‘पोदेर’ म्हणजे शकणे. संकेतार्थी, म्हणजे ‘शकाल का’सारख्या रूपात त्याचा ‘ए’ गळतो: ‘पोदेरीआ’ नव्हे, ‘पोद्रीआ’. ‘र’ही गाळलात तर ‘पोदीआ’ होईल, म्हणजे ‘शकत होता’. उच्चार तीन अक्षरी, जोर ‘द्री’वर. घाईत त्याचे ‘पोद्र्या’ करू नये. पुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते. ‘मे’, म्हणजे ‘मला’, मात्र ‘पोद्रीआ’च्या आधी येतो किंवा पुढच्या क्रियापदाच्या शेवटी चिकटतो: ‘मे पोद्रीआ त्राएर ला क्वेन्ता’ किंवा ‘पोद्रीआ त्राएर्मे ला क्वेन्ता’, म्हणजे बिल आणून द्याल का. दोन क्रियापदांच्या मध्ये सुटा ‘मे’ घातला की वाक्य फसले.

मराठीही एका ठिकाणी दगा देते. आपण एकट्या माणसालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून विद्यार्थी अनेकवचनी ‘पोद्रीआइस’ वापरतो. ते स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्यासाठी. एका अनोळखी माणसाला ‘पोद्रीआ’, अनेकांना ‘पोद्रीआन’, मैत्रिणीला ‘पोद्रीआस’. ‘मी’चे रूपही ‘पोद्रीआ’च असल्याने घोटाळा वाटला तर ‘उस्तेद’, म्हणजे एकट्यासाठीचे आदरार्थी ‘तुम्ही’, जोडावा.

अति नम्रताही नको. स्पेनमधल्या बारमध्ये ‘मे पोनेस उन काफे, पोर फावोर’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो आणि कुणाला उद्धट वाटत नाही. कोलंबियात तर ‘मे रेगाला उन काफे’ म्हणतात. शब्दशः ‘कॉफी भेट देता का’, पण पैसे द्यावे लागतातच!

हिंजवडीतून मेक्सिकोच्या ग्राहकाला मेल लिहिताना मात्र ‘पोद्रीआ’च बरा. त्यातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ ऐच्छिक नाही, सहाही रूपांत ती लागतेच. फोनवर रोमन ‘आय’ दाबून धरला की मिळते. प्रश्नाच्या सुरुवातीचे उलटे प्रश्नचिन्हही तसेच, प्रश्नचिन्ह दाबून धरून.

– स्पॅनिशची एक शिक्षिका, कोथरूड, पुणे